बनी बेगमेच्या बागेतलं पाणी

खुलताबादेत लोक येतात ते दर्ग्यांवर चादर चढवायला, औरंगजेबाची कबर पाहायला, नाहीतर शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला. तिथून वेरूळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुढे निघायची घाई असते. या सगळ्यांच्या वाटेवर, ऐन गावात, उंच भिंतींच्या आत एक बाग आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. वळलाच कुणी, तर दहा मिनिटांत ‘इथे पाहायचं काय?’ असं म्हणत बाहेर पडतो. प्रश्न रास्त आहे. बनी बेगम बाग ज्या गोष्टींसाठी बांधली गेली त्यांतल्या बहुतेक सगळ्या गेल्या. पाणी गेलं, मूळची झाडं गेली, कारंजी मुकी झाली. उरलं ते दगडाचं आणि चुन्याचं काम. तरीही मराठी मुलखात मुघल धाटणीची बाग वाचायला शिकायची असेल, तर मी बीबी का मकबऱ्याआधी इथे जायला सांगेन.

मकबऱ्याची अडचण मकबऱ्याचीच आहे. १६६०च्या सुमारास दिलरस बानू बेगमेसाठी उभी राहिलेली ती इमारत इतकी देखणी, आणि ताजमहालाशी तिची तुलना इतकी सवयीची, की सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवाराचा सगळा पसारा घुमटाकडे नेणारा रस्ता होऊन बसतो. वाटेतली कारंज्यांची रांग आपण पाहतो ती फोटोची चौकट म्हणून. खुलताबादेत तसं होत नाही. इथली कबर बागेवर हुकूम गाजवत नाही. चौकोनी आवार, मधोमध कबरीचा जाळीदार परिसर, त्याच्याकडे येणाऱ्या सरळ वाटा, वाटांच्या मधून पाण्याचे पाट, कोपऱ्यांवर छत्र्या आणि बाजूंच्या मध्यावर वाकलेल्या छपरांचे सज्जे, असा हा चारबाग. पाहणाऱ्याची नजर कुठे एका जागी अडकत नाही, ती पाटांबरोबर फिरत राहते. ज्या बेगमेची ही बाग, ती औरंगजेबाच्या एका मुलाची बेगम होती, एवढीच तिची ओळख जुन्या गॅझेटियरात मिळते. तिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा दस्तऐवज म्हणजे ही बागच. तो वाचायचा, तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

खुलताबाद डोंगरमाथ्यावर आहे, भोवतालच्या सपाटीपासून सुमारे पाचशे फूट उंच. काश्मीरच्या शालिमार-निशातमध्ये डोंगरातला झरा आपसूक बागेत उतरतो. माळ्याने त्याला फक्त वळण द्यायचं. इथे बेसॉल्टचा कातळ. पाणी थांबतं ते झिजलेल्या मुरमात आणि भेगांत, आणि पाऊस चार महिन्यांचा. म्हणजे बाग आखायच्या आधी पाणी साठवायचं आणि ते बागेपेक्षा उंच जागी आणून ठेवायचं, हे काम करावं लागलं. दख्खनेत त्याची विद्या आधीपासून होती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी गावासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, जमिनीखालून नहर आणली. डोंगरउतारातलं भूजल बोगद्यात गोळा करायचं आणि उताराच्या जोरावर शहरात आणायचं, हा तिचा हिशोब. १६२६मध्ये वारलेला हा पाण्याचा जाणकार खुलताबादेतच, या बागेपासून फार लांब नाही, अशा कबरीत आहे. त्याच्या थडग्याला भेट देणारे त्याच्या लढायांबद्दल बोलतात. मला मात्र बनी बेगमेच्या बागेत त्याची जास्त आठवण होते.

उंचावरचा हौद, तिथून निघालेले खापरी नळ, नळाच्या टोकाशी कारंजं, कारंज्यातून सांडलेलं पाणी पाटात आणि पाटातून वाफ्यांत, असा अशा बागेतल्या पाण्याचा प्रवास. भाजलेल्या मातीचे हे नळ एकात एक बसवून सांधे चुन्याने लिंपलेले असत. पुण्याला कात्रजहून आणलेलं पाणी असो की नगरच्या निजामशाही बागांचं, तत्त्व एकच. पंपाचा जोर नाही, सगळी मदार उंचीतल्या फरकावर. हौद जितका उंच तितकी कारंज्याची उडी. पण नळाच्या आत घासत येताना पाण्याचा जोर थोडा थोडा खर्च होतो, त्यामुळे उडी हौदाच्या पातळीला कधीच पोचत नाही. थोडक्या उंचीवरून आलेलं असं पाणी कारंज्यातून आकाशात झेप घेत नसणार. ते तोंडाशी फुगून, थोडं उसळून, काठावर पसरत असणार. आजच्या सार्वजनिक उद्यानांत रंगीत दिव्यांच्या तालावर वीस-वीस फूट उडणारी कारंजी पाहून आपला कान आणि डोळा बिघडला आहे. या बागेतला आवाज त्या फवाऱ्याचा नव्हता. एकमेकांपासून थोड्या अंतरावर चाललेल्या पुष्कळ लहान बुडबुड्यांचा होता, आणि तो ऐकू यायला माणसाला गप्प बसावं लागत असे.

पाटाच्या काठाशी गुडघ्यावर बसून पाहिलं, की अशा बागांची खरी गंमत कळते. चुनेगच्चीचा गिलावा जिथे टिकलेला असतो, तिथे त्याचा कोन गोलसर घोटलेला दिसतो. काटकोनात माती साचते, शेवाळ धरतं. गोलाईत पाणी स्वतःच झाडून नेतं. हौदाच्या आतल्या अंगाला एका उंचीवर पांढरट पुटाची आडवी रेघ असेल तर ती पाण्याची कायमची पातळी समजावी. आपल्याकडच्या जड पाण्यातला चुना वर्षानुवर्षं तिथे बसलेला असतो. हेच पूट नळाच्या आतही चढतं. भोक अरुंद होत जातं, कारंजं मंदावतं, मग कुठल्यातरी सांध्यातला चुना सुटतो आणि पिंपळाचं किंवा उंबराचं मूळ ओलावा शोधत आत शिरतं. जुने खापरी नळ खणून काढले, की पुष्कळदा आत मुळांची वेणी सापडते. बाग मरते ती एका लढाईत किंवा एका दुष्काळात नव्हे. नळ साफ करणाऱ्याचा पगार बंद होतो त्या वर्षापासून ती मरायला लागते.

आणि पाटाच्या काठाला ठरावीक अंतरावर दिसणारी खाच. शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. रात्रीची पाळी आली की दारं धरायला जाणाऱ्या माणसाने असंख्य वेळा तशीच वाट मातीत फोडलेली आणि बुजवलेली असते. इथे ती चुन्यात कायमची केलेली आहे, इतकाच फरक. दार उघडलं की पाटातलं पाणी खालच्या वाफ्यात उतरायचं. चिखलाचा गोळा किंवा चिंधी कोंबली की पुढच्या वाफ्याची पाळी. म्हणजे बेगमेच्या डोळ्यांसमोर कारंज्यात नाचलेलं पाणी घटकाभराने डाळिंबाच्या नाहीतर लिंबाच्या बुंध्याशी पोचत होतं. करमणूक आणि सिंचन यांची पाणीपट्टी एकच! दख्खनच्या कोरड्या माथ्यावर हा थाट परवडला तो याच काटकसरीमुळे. मुघल बागांतली फळं विकून बागेचा आणि कबरीचा खर्च भागवण्याची रीतही होती, तेव्हा शेवटी आळ्यात पोचलेलं पाणी हे वाया गेलेलं पाणी नव्हतं, मिळकतीची सुरुवात होती. या बागेत हरवला आहे तो हा क्रम. कारंज्याचं तोंड, पाट, खाच हे सुटे सुटे अवशेष म्हणून पाहिले तर हाती भग्न दगड लागतात. पाणी कुठून कुठे गेलं हे बोटाने दाखवत चाललं तर बाग उभी राहते.

आता सज्ज्यांकडे. छप्पर मधे उचललेलं आणि दोन्ही टोकांना खाली झुकलेलं, हा बंगली घाट. बंगालमधल्या बांबूच्या झोपडीचं पाऊस झटकणारं छप्पर शहाजहानच्या काळात आग्र्याच्या संगमरवरात चढलं आणि तिथून हिंडत दख्खनच्या चुन्यात आलं. नक्कल म्हणून त्याची बोळवण करणारे पुष्कळ आहेत. पण त्याच्या समोर हौद भरलेला आहे अशी कल्पना करून पाहा. वरची कड धनुष्यासारखी वर वाकलेली. पाण्यातल्या प्रतिबिंबात तीच कड उलटी, खाली वाकलेली. दोन्ही मिळून एक पूर्ण आकृती होते: टोकांशी निमुळती, मध्ये भरदार, बदामाच्या घाटाची. सपाट छपराच्या सज्ज्याचं प्रतिबिंब म्हणजे निव्वळ पुनरुक्ती. बंगली छपराचं प्रतिबिंब त्या छपराला पुरं करतं. आज पाणी नसताना आपण त्या आकृतीचा वरचा अर्धाच पाहतो आणि कारागिराला ‘जरा जड हात’ असं प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतो. माझ्या मते ते वाकण पाण्याचा हिशोब धरूनच पाहायला हवं.

सज्ज्यात बसून आणखी एक गोष्ट कळते. बसण्याची जागा कुठे आहे, यावरून न उरलेली गोष्ट ओळखता येते. कुणी कोरड्या फरशीकडे तोंड करून बसायला इतकं नाजूक छप्पर बांधत नाही. सज्जा बाजूच्या मध्यावर आहे, कारण समोरची वाट आणि तिच्यातला पाट सरळ त्याच्याकडे येतो, आणि पाण्यावरून येणारा वारा आधी तिथे लागतो. बरं, वाटा उंच आणि वाफे खोल ठेवण्याची चारबागेची पद्धत. झाडं खोलगट भागात लावलेली, त्यामुळे वाटेवरून चालणाऱ्याच्या नजरेला बुंधे नाही, शेंडे आणि फुलोरा लागायचा. हात लांब केला की फळ. चालणारा जणू झाडांच्या डोक्यांवरून चालला आहे. हा परिणाम साधणारी वस्तू म्हणजे केवळ पातळीतला फरक, आणि तोच सगळ्यात सहज पुसला जातो. भराव टाकला, वर हिरवळीचे गालिचे अंथरले, कडेने पेव्हर ब्लॉक बसवले, की बाग ‘सुंदर’ होते आणि तिची रचना संपते. उघडी पडझड मला त्या मानाने पुष्कळ बरी वाटते. पडझडीत निदान पुरावा पडलेला असतो.

मूळ झाडं गेली तरी त्यांच्या जागा जात नाहीत. मुरमाड जमिनीत झाड लावायचं तर खड्डा खणून त्यात गाळाची माती भरावी लागते. झाड मेलं, बुंधा कुजला, तरी तो मातीचा गोल मुरमात वेगळाच राहतो. आडवा छेद घेतला की तांबूस मुरमात काळसर वर्तुळं रांगेने दिसतात. खणायचीही नेहमी गरज पडत नाही. पाऊस थांबून गवत वाळू लागलं, की गाडलेल्या भिंतीवरचं गवत आधी पिवळं पडतं, कारण खाली माती थोडी. भरलेल्या खड्ड्यावरचं गवत उशिरापर्यंत हिरवं राहतं. इंग्लंडात २०१८च्या कडक उन्हाळ्यात चॅट्सवर्थ या हवेलीसमोरच्या हिरवळीवर १६९९ सालच्या वाफ्यांची नक्षी अशीच उमटली होती. वरून पाहणाऱ्याला तीनशे वर्षांपूर्वीचा आराखडा दिसला. इंग्लंडला ज्यासाठी विक्रमी उन्हाळा लागतो ते आपल्याकडे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास फुकट घडतं. पाहणारा हवा, आणि उन्हं तिरपी असण्याची वेळ हवी. मग बोटभर उंचवटाही सावली टाकतो. पाँपेईत तर विल्हेल्मिना याशेम्स्की या विदुषीने ज्वालामुखीच्या राखेत कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ्या भरून त्यांचे साचे काढले आणि कुठे कसली झाडं होती ते ठरवलं. तिच्या कामानंतर ‘बागेत काय उरणार’ असं म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण आग्र्याचं आहे, आणि त्याचा धागा फिरून खुलताबादेतच येतो. ताजमहालासमोर, यमुनेच्या पलीकडच्या काठावर मेहताब बाग होती. पुराच्या गाळाखाली ती इतकी बुजली, की तिच्या अवशेषांवर लोकांनी काळ्या ताजमहालाची दंतकथा रचली. १९९०च्या दशकात तिथे उत्खनन झालं, एलिझाबेथ मॉयनिहन यांच्या चमूने अभ्यास केला, आणि पंचवीस कारंज्यांचा मोठा अष्टकोनी हौद बाहेर आला. काळा ताज होता तो या हौदात: चांदण्या रात्री पाण्यात पडलेलं पांढऱ्या ताजाचं प्रतिबिंब. पण या हौदाचा उल्लेख आधीच एका पत्रात होता. डिसेंबर १६५२मध्ये दख्खनेकडे निघालेल्या एका शहाजाद्याने आग्र्याहून बापाला कळवलं होतं, की मेहताब बाग पुरात बुडून तिची रया गेली आहे, मात्र अष्टकोनी हौद आणि त्याभोवतीचा बंगला शाबूत आहे. पत्र लिहिणारा औरंगजेब. बागेत पाणी शिरलं तर काय वाचलं आणि काय गेलं, याची नेमकी नोंद घेणारी नजर त्याला होती, हे त्याच्या सगळ्या कोरड्या ख्यातीत कुणाच्या ध्यानात राहत नाही. पुढे १७०७मध्ये तो गेला आणि खुलताबादेत शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली पुरला गेला. त्याच्या कबरीवर दगड नाही, उघडी माती आहे, आणि तिच्यात सब्जा लावतात. बेगमेला चारबाग आणि बादशहाला एक वाफा.

गावाजवळचा दुसरा बाग, लाल बाग, सतराव्या शतकाच्या अखेरीस खान जहाँने केला. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटेल, पण त्याची एक गोष्ट तो रोज बोलतो. औरंगजेबाचा हा दूधभाऊ, दख्खनचा सुभेदार, आपल्या इतिहासात बहादूरखान कोकलताश म्हणून येतो. भीमाकाठी पेडगावला त्याने तळ दिला आणि बहादूरगड उभारला. १६७४मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेचच, मराठ्यांच्या एका तुकडीने त्याला हूल देऊन लांब ओढून नेलं आणि दुसरीने मोकळा पडलेला तळ लुटला. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे गेले. वेड पांघरून पेडगावला जाण्याचा वाक्प्रचार याच प्रसंगाशी जोडतात. तळ लुटू दिलेल्या या खानाची बागेची जाण मात्र कच्ची नव्हती. आखणी बनी बेगमेच्या बागेच्याच जातीची, आवाका लहान. लहान असल्यामुळे एक फायदा झाला आहे: हौद आणि वाट यांचा संबंध इथे एका दृष्टिक्षेपात कळतो, मोठ्या बागेत तो चालून जोडावा लागतो.

निजामशाहीच्या नगरात सलाबतखानाने १५८३मध्ये पुरा केलेला फराह बाग याच्या नेमका उलट. तिथे मोठ्या तलावाच्या मधोमध महाल. आज तलाव कोरडा आहे, महाल उभा आहे, आणि आपण खुशाल तळावरून चालत त्याच्यापाशी जातो. अवशेष थोरले, पण बघणाऱ्याला पाणी नसल्याची खंत तेवढी वाटते, पाण्याची रीत कळत नाही. शनिवारवाड्यात १८२८च्या आगीनंतर वाडा गेला आणि हजारी कारंजाचं कमळ राहिलं. ते सुंदर आहे, पण एकटं आहे, त्याचं सांडलेलं पाणी कुणाच्या आळ्यात जात होतं हे त्याच्याकडे पाहून समजत नाही. बागेचं बागपण टिकलेलं पाहायचं तर छत्रपती संभाजीनगरचा हिमायतबाग पाहावा. शाही डौल गेला, फळ संशोधन केंद्र आलं, आणि फळझाडांची वहिवाट चालू राहिली. चारबागेच्या पोटात दडलेला बागाईतदार तिथे जिवंत आहे.

खुलताबादेला जाणाऱ्याने क्रम असा ठेवावा. आधी लाल बाग, म्हणजे आखणी डोक्यात बसते. मग बनी बेगम बाग. तीही दुपारी चारनंतर आणि शक्यतो कार्तिकात, गवत पुरतं वाळायच्या आत. फाटकातून सरळ कबरीकडे जाऊ नये. भिंतीच्या कडेने फिरत पाणी आत कुठून येत असेल ती बाजू शोधावी आणि तिथून उताराने, पाटाबरोबर, मध्याकडे यावं. वाटेत गाइड कबर कुणाची हे सांगेल, ते ऐकावं. त्याला हौद कुठे होता हेही विचारावं. बहुतेकदा तो हात वर करून लांबची जागा दाखवतो आणि मग स्वतःच सोबत यायला निघतो.